तिसरं काडतूस

दोन गेली, तिसरं अडकलं,
म्हणत अडसूळनं शॉटगन टेबलावर ठेवली
आणि खांदा चोळला नाही.
मी आधी ते पाहिलं.
जुन्या पंपवालीच्या सरावानंतर
पोरी आठवडाभर डाव्या हातानं चहा प्यायच्या.

ही धक्क्यातला पहिला घास स्वतः खाते,
उरलेला खांद्याला देते,
आणि त्याच घासाच्या जोरावर
पुढचं काडतूस वर घेते.
पण खाणाऱ्याच्या घशात कधी ना कधी अडकायचंच.

पुढची मूठ सोडवली. पिस्टन पिवळा.
"महिनाभर कुठं होतीस गं?"
"मार्केट यार्डात. हळदीचे सौदे. बंदोबस्त."

सांगलीत हळद कुठं जात नाही?
नोटांत जाते, नखांत जाते,
शस्त्रागाराच्या कुलपाआडच्या या भोकातही गेली,
जे सुईच्या नाकाहून फार मोठं नसतं.

आमच्यात पूर्वी तलवारींना पाणी द्यायचे.
संस्थानं गेली, तशी भावकी मिरजेत तंबोऱ्यांकडे वळली.
मी एकटा हत्यारांकडे परत, सरकारी पगारावर.
चुलतभाऊ हैदर घोडीवर दोरा सरकवतो
केसभर इकडे, केसभर तिकडे, जवारी लागेतो.
मी भोकातून पितळी तार फिरवतो.
शिकलगारांचं पोट अजून तेवढ्याच फटीवर.

तार फिरवताना बोललो तिच्याशी:
रबरी काडतुसं हिला घालू नकोस,
दारू कमी पडते, ही हलत नाही,
मग जमावासमोर दरवेळी हातानं ओढत बसशील.
पंपाचं तसं नाही.
रबरी दे, शिशाचं दे, पुराच्या साली ओलावलेलं दे,
गिळतो बापडा. फक्त तुझा हात पुरता मागे गेला पाहिजे.
आणि हात अर्ध्यावर थांबतो, पाहिलंय मी.
रेंजवर नाही. अंधारात.
हिला भीती कळत नाही.
सात भरली तर सात, बोट चालेल तशी.
नंतर मात्र खालून एकेक ढकलायचं,
मिरचीत सारण भरल्यागत,
आणि समोरचा तोवर थांबत नसतो.

"मग यार्डातल्या बोळात नेऊ, का नको?"

बोळ मला माहीत आहे.
दोहो बाजूंना थप्प्या, मधे हमाल,
पाठीवर पोतं, मान वर करायची सोय नाही.
एका काडतुसात नऊ छर्रे.
तीस पावलांवर नवांची नऊ मतं.

विट्याच्या रस्त्यावर, नाकाबंदीत, मी नवा होतो.
पहाटे तीनला एकजण हातात काही उगारून पळत आला.
ऐनापुरे जमादारांनी झाडली.
पहिली बाभळीत गेली.
दुसरीसाठी हात मागे ओढला, खटक्,
पुढे नेईपर्यंत अर्धा श्वास,
आणि त्या अर्ध्या श्वासात दिसलं:
पोरगं. पंक्चर सायकल मागे पडलेली.
हातात हवा भरायचा पंप.
ते दुसरं काडतूस जमादारांनी बाहेर काढलं,
खिशात घातलं,
आणि नोकरी संपेतो रोज
एका शर्टातून दुसऱ्यात टाकत राहिले.

हे तिला सांगितलं नाही.
तिला आज रात्री ड्यूटी होती,
आणि अर्ध्या श्वासात जीव गेलेले शिपाईही
माझ्या ओळखीचे आहेत.

नोंदवहीत दोन रकाने, दोष आणि दुरुस्ती.
दोष: हळद.
दुरुस्ती: साफ केली, चालते.

तिनं तीनदा ओढून पाहिलं. घसा मोकळा.
सही करून गेली.
चिंधी घरी आणली तर सकीना म्हणाली,
लग्न कुणाचं?